योसेफाचीं कोठारें

शास्त्रपाठ : उत्पत्ति ४१ : २५-३६, ४७ : १३-२६



योसेफाची गोष्ट आपणां सर्वांस बाळपणापासून ठाऊक आहे. रविवारच्या शाळेंतील मुलेंहि फारोचीं स्वप्नें बिनचूक सांगतात. परंतु सात वर्षांच्या सुकाळापाशीं अथवा भावांच्या भेटीपाशीं आपण बहुधा थांबतों. सत्तेचाळिसावा अध्याय क्वचितच वाचतों. आज आम्ही तो मुद्दाम आपणांपुढें ठेवीत आहों. हवामानाच्या पालटाविषयीं राष्ट्राराष्ट्रांत वाद चालला आहे, आणि त्याच कारणानें आपल्या गांवांच्या माळांवर सोलरच्या प्लेटा उभ्या राहूं लागल्या आहेत. या दोहोंसंबंधानें योसेफाच्या कथेंत आपणांस बोध आहे.

पहिला बोध हा कीं, दुष्काळ दिसूं लागण्यापूर्वींच योसेफानें कोठारें भरलीं. शेतें पिकानें डोलत असतां पुढच्या उपासमारीची तरतूद करणें हें राज्यकर्त्यास जड जातें. कारण खर्च आज करावा लागतो, आणि फळ मागाहून येणाऱ्यांच्या हातीं पडतें. आज जगांतील राज्यकर्त्यांची हीच परीक्षा चालली आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें कार्बन डायऑक्साइड नांवाचा वायु हवेंत मिसळतो, आणि घोंगडी जशी अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, तसा तो पृथ्वीची उष्णता अडवून धरितो. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आतां ते ४२० हून अधिक झाले आहेत. दुष्काळ आपणांस नवा नाहीं. १९७२ सालचा दुष्काळ आपल्यांतील वडील मंडळी विसरलेली नाहींत. २०१६ सालीं तर मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी न्यावें लागलें. प्रत्येक दुष्काळाचा दोष या एका वायूस देणें खरें होणार नाहीं. परंतु ज्या घरीं मडकें आधींच रिकामें, त्या घरावर ही वाढती उष्णता आणखी एक ओझें घालिते, यांत संशय नाहीं.

मग हें ओझें कोणी वाहावें? राष्ट्रांचें भांडण याच प्रश्नावर आहे. १९९२ सालीं ब्राझील देशांत रिओ द जानेरो येथें असा करार ठरला कीं, जबाबदारी सर्वांची आहे, पण ती सारखी नाहीं. श्रीमंत राष्ट्रांनीं पुढाकार घ्यावा. १९९७ सालीं जपानांत क्योटो येथें त्या राष्ट्रांवर धूर कमी करण्याचें बंधन घालण्यांत आलें. अमेरिकेनें सही केली, पण तो करार आपल्या विधिमंडळाकडून कधींच मंजूर करून घेतला नाहीं. २००९ सालीं कोपनहेगन येथें श्रीमंत राष्ट्रांनीं वचन दिलें कीं, २०२० पर्यंत गरीब देशांसाठीं दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करूं; तो आंकडा गांठण्यास २०२२ साल उजाडलें. २०१५ सालीं पॅरिस येथें पृथ्वीची तापवाढ दोन अंशांच्या बरीच खालीं राखण्याचें ठरलें. त्या करारांतून अमेरिका २०२० सालीं बाहेर पडली, २०२१ सालीं परत आली, आणि २०२५ च्या जानेवारींत पुन्हां बाहेर पडण्याचा हुकूम निघाला. आपल्या देशानेंहि २०२१ सालीं ग्लासगो येथें कोळसा अजिबात बंद करण्याचे शब्द मऊ करविले, आणि आम्हांस दारिद्र्य दूर करावयाचें आहे असें कारण सांगितलें. त्याच सभेंत, २०७० पर्यंत आपल्या धुराचा ताळेबंद शून्यावर आणूं, असें वचनहि दिलें.

आणि पाहा, ज्या मिसर देशांत योसेफानें कोठारें भरलीं, त्याच देशांत, तांबड्या समुद्राच्या कांठीं शर्म अल-शेख येथें, २०२२ सालीं राष्ट्रें जमलीं, व हवामानाच्या पालटानें ज्या गरीब देशांची हानि होते त्यांच्यासाठीं निधि स्थापण्याचें ठरलें. ज्यानें मेजवानी जेवली नाहीं, त्याच्या माथीं तिचा खर्च मारूं नये, हें गरीब देशांचें मागणें रास्त आहे. आपलें सरकारहि जगापुढें हाच न्याय मागत आलें आहे. ही गोष्ट मनांत धरून ठेवा. पुढें तिचें काम आहे.

आतां सत्तेचाळिसावा अध्याय उघडा. दुष्काळ पडला, कोठारें उघडलीं, लोक वांचले. पण कशा रीतीनें वांचले? पहिल्यानें त्यांचा पैसा संपला; मग त्यांनीं आपलीं गुरें दिलीं; मग शेतें दिलीं; शेवटीं स्वतःस फारोचे दास म्हणून दिलें. सुकाळाच्या वर्षीं जें धान्य त्यांच्याच शेतांतून पांचवा हिस्सा म्हणून गोळा केलें होतें, तेंच त्यांस विकत घ्यावें लागलें. योसेफ दुष्ट नव्हता; लोकांनीं त्याचे उपकारहि मानिले. तरी फारोचें राज्य बळकट झालें, आणि शेतकरी आपल्याच रानांत परका झाला. दुसरा बोध हा कीं, जी योजना प्राण वांचविते ती चांगली खरी. पण वांचलेल्याच्या हातीं काय उरलें, हेंहि देवापुढें पाहिलें पाहिजे.

आतां आपल्या गांवाकडे या. पुष्कळ ठिकाणीं शेतीची वीज पाळीपाळीनें रात्रीं येते, आणि शेतकरी अंधारांत, सापविंचवाच्या भयांत, दारें धरावयास जातो. शेतास दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली, व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा सुरू केला. त्यांत खासगी जमीन भाड्यानें देणारास हेक्टरीं वर्षाला १ लाख २५ हजार रुपये व दरसाल शेंकडा ३ वाढ, आणि ग्रामपंचायतीस तीन वर्षें दरसाल ५ लाख रुपये ठरविले आहेत. देवाचा सूर्य धुराशिवाय मोट हांकूं लागला, याबद्दल आम्ही त्याचे आभार मानतों.

परंतु भाडें त्यास मिळतें, ज्याच्या नांवें सातबारा आहे. जेथें सरकारी जमीन दिली जाते तेथें ती पुष्कळदां गायरानाची असते. आणि गायरानावर कोणाच्या शेळ्या चरतात? कोणाच्या चुलीचें सरपण तेथून येतें? ज्यांच्या नांवें एक गुंठाहि नाहीं, त्यांच्या. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें अशींच आहेत. कित्येकांच्या वडिलांनीं गायरानाचा तुकडा कसून पोटें भरलीं. भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पूर्वींची अशी वहिवाट नियमित करण्याचें सरकारनें १९९१ सालीं ठरविलें. तरी कागद हातीं न आलेलीं घरें आजहि आहेत. तेथें कुंपण पडलें म्हणजे वीज बागायतदाराच्या मोटारीस जाते, आणि म्हातारीची शेळी बाजारास जाते. जो न्याय आपलें सरकार श्रीमंत राष्ट्रांपाशीं मागतें, तोच न्याय त्या म्हातारीनें आपल्या ग्रामसभेंत मागितला, तर तिला प्रगतीची वैरीण कोणत्या तोंडानें म्हणावें? तिनें किती कोळसा जाळला?

त्या अध्यायांत आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, ती वाचतांना आम्हां पाळकांची मान खालीं जाते. सर्वांचीं शेतें गेलीं, पण याजकांचीं गेलीं नाहींत; त्यांस फारोकडून नेमणूक होती. म्हणूनच कीं काय, त्या अध्यायांत याजकाचा एकहि शब्द ऐकूं येत नाहीं. आमची भाकर गायरानावर अवलंबून नाहीं, म्हणून आम्हांसहि गप्प बसणें सोपें जातें. हा दोष प्रथम आम्ही आपल्याच पदरीं घेतों.

कोणी म्हणेल, हें राजकारण आहे. मंडळीनें प्रार्थना करावी. आम्ही विचारतों, योसेफानें फारोपुढें जें सांगितलें तें राजकारण नव्हतें काय? दुसरा म्हणेल, प्रभूचें येणें जवळ आहे; मग पृथ्वीची चिंता कशाला? परंतु धनी येईल तेव्हां आपलें काम करीत असलेला चाकरच धन्य, असें प्रभूनें शिकविलें आहे. आणि बागेची मशागत व राखण हें तर मनुष्यास नेमून दिलेलें पहिलें काम.

म्हणून, बंधूंनो, ज्या दिवशीं असा ठराव ग्रामसभेपुढें येईल, त्या दिवशीं रोजगार बुडाला तरी चालेल, पण पुरुषांनीं व बायकांनींहि हजर राहावें. कोणता गट नंबर, किती क्षेत्र, किती वर्षांसाठीं, गुरांस वाट कोठून, चरावयास काय उरणार, आणि पंचायतीस मिळणाऱ्या पैशांतून भूमिहीनांच्या वांट्यास काय येणार, हें विचारावें व कागदावर लिहवून घ्यावें. कोणताहि करारनामा पूर्ण वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊं नये. उपदेशकांनो, तुम्हांस अक्षर येतें तें देवाचें देणें आहे. तो कागद समाजमंदिरांत मोठ्यानें वाचून दाखवा. आणि हें सर्व शिवीगाळीवांचून, द्वेषावांचून करा. कारण दिवसा पाणी मिळालें तर शेजाऱ्याचाहि प्राण वांचतो, आणि तोहि आपलाच भाऊ आहे.

योसेफानें भाकर देऊन लोकांस विकत घेतलें. योसेफाहून थोर असा जो आपला प्रभु, त्यानें आपलें शरीर हीच भाकर म्हणून दिली, आणि जे विकले गेले होते त्यांस मोकळें केलें. त्याच्या मेजापाशीं सातबारा कोणी मागत नाहीं. त्या मेजावरून उठून जो ग्रामसभेंत जातो, त्यानें तेथेंहि त्याच धन्याचा चाकर म्हणून बोलावें.

हे प्रभो, राज्यकर्त्यांस योसेफाची दूरदृष्टि दे, आणि तुझ्या पुत्राची दया दे. तुझ्या सूर्याचें तेज सर्वांस मिळो, आणि त्याच्या नांवानें कोणाचेंहि रान हिरावलें न जावो. आमेन.