कोपराकडे पाहणारी मुलगी

उद्याच्या सराव पाठाचं टाचण लिहायला काल रात्री बसले आणि अकरा वाजले तरी वही कोरीच. घटक तसा साधा आहे. इयत्ता तिसरी, खांद्यावरून चेंडूफेक. पंधरा दिवसांपूर्वी हाच घटक घेतला, तेव्हा तीन पानं भरली होती. डावा पाय पुढे, कोपर खांद्याच्या रेषेत, नजर समोर, आधी कंबर वळवा, मनगट शेवटी सोडा. निरीक्षणाला बसलेल्या मॅडमनी टाचणाला चांगले गुण दिले. पाठ मात्र माझ्या मनातून अजून जात नाही.

पुण्यातल्या दापोडीतली शाळा. दोन इमारतींच्या मधलं फरशीचं अंगण हेच मैदान. दुसऱ्या रांगेत एक मुलगी होती. चेंडू हातात आला की ती आधी स्वतःच्या पायांकडे बघायची, मग मान वळवून कोपराकडे. कोपर सांगितल्या जागी आहे याची खात्री झाली की फेकायची, आणि चेंडू तिच्याच पुढ्यात पडायचा. मी जवळ जाऊन म्हटलं, "कोपर वर घे." तिनं घेतलं. चेंडू पुन्हा पुढ्यात. तिचा चेहरा एवढासा झाला.

मधल्या सुट्टीत तीच मुलगी भिंतीपलीकडच्या चिंचेवर खडे मारताना दिसली. तिसऱ्या खड्याला आकडा खाली आला. पाय बरोबर, कंबर बरोबर, हात असा सुटला की मलाही टाचणात मांडता आला नसता. नजर फक्त चिंचेवर. तिला फेकता येत होतं. माझ्या सूचनांनी ते तासाभरासाठी तिच्याकडून काढून घेतलं होतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांची नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये झाली, बसच्या पत्र्यात आणि रिबिटांत. ते म्हणाले, नवा पोरगा आला की हातोडीकडे बघत बसतो. जुना माणूस रिबिटाकडे बघतो. "हातोडी कशाला बघायची गं, तायडे? ती तर हातातच असते."

बाबांनी हे कुठं वाचलेलं नाही. पण १९२० च्या दशकात मॉस्कोतल्या श्रमसंस्थेत निकोलाय बर्नस्टाइन या संशोधकानं हातोडी मारणाऱ्या कामगारांचाच अभ्यास केला होता. त्यांच्या हातावर छोटे दिवे बांधून त्यानं प्रत्येक घावाचा माग छायाचित्रात पकडला. कसलेल्या कामगाराचा घाव दर वेळी नेमका तिथंच पडत होता. खांदा, कोपर आणि मनगट मात्र दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेनं जात होते. एक सांधा जरा चुकला की दुसरा सांभाळून घेत होता. आपण सराव म्हणजे घोटणं समजतो. बर्नस्टाइनच्या मते सरावात माणूस तेच कोडं दर वेळी नव्यानं सोडवतो. बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, परीक्षेत आम्ही फिट्स आणि पोस्नर यांच्या १९६७ च्या तीन पायऱ्या लिहितो: आधी विचार करून करणं, मग जमत जाणं, मग विचाराशिवाय होणं. ती मुलगी तिसऱ्या पायरीवर उभी होती. मी तिला बोट धरून पहिलीवर उतरवलं.

अंग स्वतःच कसं शिकतं याचं मोठं उदाहरण शोधायला आमच्या दापोडीला लांब जावं लागत नाही. रोज मी सीएमईच्या, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, भिंतीच्या कडेनं जाते. त्या भिंतीच्या आत सैन्याचं रोइंग केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तिथं घडला. विहिरी खोदण्याचं काम केलेला हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. वल्हं हातात आलं ते त्यानंतर, विशी ओलांडल्यावर. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या बोटीत तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत त्यानं सुवर्णपदक मिळवलं.

एकट्याची ती बोट साधारण ८ मीटर लांब, वजन १४ किलोच्या आसपास आणि इतकी अरुंद, की दोन हातांत जरासा फरक पडला तरी कलंडते. शिवाय बसायचं पाठ पुढे करून. जायचं तिकडे डोळेच नाहीत. वल्हं पाण्यात गेलं की आधी पाय, मग पाठ, मग हात. परतताना उलट क्रम. एवढं सांगायला एक मिनिट पुरतं. पुढची सगळी शिकवणी पाण्याची. बोट डुगडुगते, अंगाला कळतं, अंग सावरतं. चांगला प्रशिक्षक काठावरून किती बोलत असेल, याचा मी हल्ली फार विचार करते. एखादा शब्द आणि मग पुढचे शंभर हात गप्प राहणं, असंच काहीतरी असावं. आम्हाला पाठ 'खुलवायला' शिकवतात, पण गप्प राहायचा पाठ अजून कुणी दिलेला नाही.

म्हणून मुलांना मोकाट सोडा असं मुळीच नाही. गोळा किंवा थाळी असेल तर आधी नियम, शिट्टी आणि रेषेमागे उभं राहणं. तिथं चूक करून शिकण्याला जागाच नाही. आणि जिला खरोखरच फेकता येत नाही, तिला एखादी खूण द्यावीच लागते. ती खूण अंगाबाहेरची हवी, एवढंच मला आता वाटतं. कोपराऐवजी भिंतीवरचं वर्तुळ.

काल रात्री अडले ते अंतरावर. परवा वर्गात कर आणि बूथ यांचा १९७८ चा प्रयोग शिकवला होता. आठ वर्षांची मुलं, म्हणजे आमची तिसरीच. एका गटानं धान्याची पिशवी कायम ३ फुटांवरच्या खुणेवर टाकायचा सराव केला. दुसऱ्या गटानं २ आणि ४ फुटांवर. ३ फुटांवर एकदाही नाही. शेवटी चाचणी घेतली ३ फुटांवरच, आणि सरस ठरला तो दुसरा गट. एकच अंतर गिरवणाऱ्यांच्या हाताला ते अंतर ठाऊक झालं होतं. दुसऱ्यांच्या हाताला अंदाज आला होता. चिंचेच्या झाडावर तरी दुसरं काय असतं? एक आकडा खालच्या फांदीवर, दुसरा शेंड्याला, तिसरा पानाआड.

मग साडेअकराला लिहायला घेतलं आणि अर्ध्या पानात टाचण संपलं. भिंतीवर खडूनं पाच वर्तुळं: दोन मुलांच्या गुडघ्याएवढी खाली, दोन छातीशी, एक हात पोचणार नाही इतकं वर. फरशीवर तीन रेषा. चेंडूऐवजी पिशव्या. प्रत्येक फेकीनंतर मुलानं रेषा किंवा वर्तुळ यांतलं काहीतरी बदलायचं. कोणतं, ते त्यानंच ठरवायचं. माझ्या सूचना दोन. पिशवी उचलायला सगळ्यांनी एकदम, शिट्टीनंतरच जायचं. वर्तुळाकडे बघून फेकायचं. या टाचणाला गुण किती मिळतील ते मॅडम ठरवतील. 'शिक्षक कृती' या रकान्यात मी 'निरीक्षण' एवढंच लिहिलंय आणि ते मनापासून लिहिलंय.

चाळीस मुलं आहेत आणि आईच्या जुन्या चादरीतून पिशव्या झाल्या वीस. वाटाणे भरून सगळ्या शिवून ठेवल्यात. सकाळी बाबांनी त्यातली एक उचलून दारातल्या बादलीत टाकली, मग दोन पावलं मागे सरून दुसरी, मग उंबऱ्याबाहेरून तिसरी. तिन्ही आत. तिसरीची शिवण तेवढी उसवलीय, ती आता घालायला घेते.