ओळखीला लागणारा वेळ

चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते तेव्हा छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात माणूस माणसाला ओळखतो. एरवी आता तसं राहिलेलं नाही. पंचतारांकित एमआयडीसी आली, स्कोडाचा कारखाना आला, मग ऑरिक ही औद्योगिक नगरी. भोवतालच्या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. परभणीचा हेल्पर आणि बिहारचा वेल्डर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात आणि पाळ्या वेगळ्या असल्या की महिनोन्‌महिने एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

अशा एका खोलीतला सोळा वर्षांचा मुलगा मोबाइल चोरीत सापडला, असं समजू. बाल न्याय कायदा, 2015 सांगतो की पोलिसांनी परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवायचं आणि त्यानं दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळापुढे ठेवायचा. घरात कमावतं कोण, शाळा कधी सुटली आणि का, संगत कोणाची, नशा आहे का, घरी मारहाण होते का? मंडळासमोर मुलगा थोडा वेळ उभा राहतो. त्याचं घर मंडळाला दिसतं ते या अहवालातूनच.

ते घर ऑफिसात बसून दिसत नाही. शहरापासून पंधराएक किलोमीटर जायचं, बाप दुसऱ्या पाळीला असेल तर रविवार गाठायचा. शेजाऱ्यांशी बोलायचं, पण मुलाचं प्रकरण त्यांना कळता कामा नये. चौकशी करायची आणि बभ्रा होऊ द्यायचा नाही, हे जुन्या अधिकाऱ्याबरोबर दहा घरं फिरल्याशिवाय अंगात येत नाही. तो जुना अधिकारीच जागेवर नसेल तर नव्यानं शिकायचं कोणाकडून?

मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं. कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मंडळ मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर तीन वर्षांपर्यंत पालकांच्या हवाली ठेवू शकतं, आणि देखरेख परिवीक्षा अधिकाऱ्याची. पण जिल्हा बाल संरक्षण कक्षातला विधी तथा परिवीक्षा अधिकारी स्वतःच करारावर असतो, अनेकदा 11 महिन्यांच्या. मुलाची तीन वर्षं सरायच्या आत तो तलाठ्याची परीक्षा पास होऊन निघून जातो. त्याला दोष कसा द्यायचा? त्यालाही घर आहे. मुलाला नवा माणूस भेटतो आणि विचारतो, शाळा का सोडलीस? मुलगा तेच उत्तर पुन्हा पहिल्यापासून देतो, किंवा देत नाही.

ही जबाबदारी नवी नाही. मुंबई प्रांतात परिवीक्षेचा कायदा 1938 चा, देशाचा 1958 चा. एकविसाच्या आतल्या तरुणाला कैदेची शिक्षा देण्याआधी अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असं 1958 च्या कायद्यात आहे. अहवाल लिहिणारे हात नसले की ही तरतूद कागदावर राहते. 2024 मध्ये महिला व बाल विकास आयुक्तालयानं 236 पदांची जाहिरात काढली, त्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांची 72 पदं होती. भरती निघाली याचा आनंदच आहे. पण माणूस नेमणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. इंग्लंडनं 2014 मध्ये आपली परिवीक्षा सेवा दुभंगून एक भाग खासगी कंपन्यांकडे दिला, 2021 मध्ये ती पुन्हा एकत्र केली. अनुभवी माणसांची उणीव मात्र अजून भरून निघालेली नाही.

आपल्याकडे माणसं नाहीत असं नाही. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे, समाजकार्य शिकलेली मुलंमुली मराठवाड्यातच आहेत. त्यांना कायम पद हवं, फिरतीचा खर्च वेळेवर हवा, आणि हातात इतकीच प्रकरणं हवीत की प्रत्येक घरी दुसऱ्यांदा जाता येईल. शेंद्रा ते करमाड या पट्ट्याला एकच अधिकारी पाच वर्षं देऊन पाहावा. शाळेचे मुख्याध्यापक, खोलीमालक, मजूर पुरवणारा कंत्राटदार, ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी हे सगळे तोवर त्याला नावानं हाक मारू लागतील, आणि रविवारी तो गल्लीत शिरला तर कुणी दारातून डोकावून पाहणार नाही.