दिवस भरल्यानंतर

दिवस भरून गेले आहेत, पण कळा येत नाहीत. औषध देऊन त्या सुरू कराव्यात की वाट पाहावी? वाट पाहणे म्हणजे काहीच न करणे, आणि म्हणून ते निर्दोष, असे आपण सहज मानतो. मला ते पटत नाही. स्वीडनमध्ये सुमारे २७६० गर्भवतींची दोन गटांत विभागणी करून याची परीक्षा झाली. एका गटात ४१ आठवडे भरताच कळा सुरू केल्या, दुसऱ्यात ४२ आठवड्यांपर्यंत थांबले. थांबलेल्या गटात ६ अर्भके दगावली, पहिल्यात एकही नाही. परीक्षा मध्येच आवरावी लागली. हा वृत्तान्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा थांबणे हीसुद्धा कृतीच होय, आणि तिचेही उत्तरदायित्व कोणावर तरी येते.

परंतु थांबलेल्या सुमारे १३८० जणींपैकी बहुतेकींची मुले सुखरूप जन्मली, हेही खरे. आपण कोणत्या बाजूस असू, हे त्यांतील एकीलाही आधी ठाऊक नव्हते. आणि औषधाने आणलेल्या कळा सोसावयाच्या त्या तिनेच. घरची वडील माणसे म्हणतात, ‘घाई कशाला?’ डॉक्टर म्हणतात, ‘उशीर कशाला?’ या दोहोंत तिला विचारावयाचे मात्र राहून जाते.