शेतातील ठेव ओळखायची कशी?

(सामान्य काळातील सतरावा रविवार : १ राजे ३:५, ७-१२, मत्तय १३:४४-५२)



आजच्या शुभवर्तमानातील दाखला आपल्या भागातील माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एका माणसाला शेतात लपवलेली ठेव सापडते. तो ती पुन्हा झाकतो, आनंदाने घरी जातो, असेल नसेल ते विकतो आणि ते शेत विकत घेतो. त्याने ठेव झाकली हे बरोबर की चूक, यावर पुष्कळ चर्चा होते. पण येशू येथे व्यवहाराचे नियम शिकवत नाही, म्हणून तो वाद आपण बाजूला ठेवू. आपला प्रश्न निराळा आहे. ही ठेव आहे, हे त्या माणसाला कळले कसे? त्याच जमिनीतून त्याच्या आधी कितीतरी नांगर गेले असतील.

अशी एक ठेव आपल्याच जिल्ह्यात सापडली आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. तेथे १९७४ मध्ये भिल्ल समाजातील एक शेतकरी झुडपाच्या बुडाशी खणत होता. कुदळीखाली त्याला धातूच्या चार वस्तू लागल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा असलेला सारथी, एक म्हैस, एक हत्ती आणि एक गेंडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. चारही वस्तूंचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक! हे सारे ब्राँझचे ओतकाम आहे. आपल्यापैकी ज्यांनी पोळ्याला बैल सजवले आहेत, त्यांना ती जोडी पाहताक्षणीच आपली वाटेल. गेंडा मात्र आपल्या शिवारात आज कोणी पाहिलेला नाही. ज्याने तो घडवला त्याला मात्र तो ओळखीचा होता.

साठ किलो धातू. मोडीच्या दुकानात याचा भाव लगेच ठरला असता आणि वितळवल्यावर पुढे कोणाला काही कळलेही नसते. त्या वस्तू वितळल्या नाहीत, म्हणून आज त्यांचे नाव जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

आता ओळखण्याचे काम किती अवघड असते ते पाहा. दायमाबादचे जुने वस्तीस्थान बोपर्डीकर यांनी १९५८ मध्येच शोधले होते. मधुसूदन देशपांडे, एस. आर. राव आणि पुढे शां. अ. साळी यांनी तेथे उत्खनन केले. एकावर एक वस्त्यांचे थर निघाले. त्यांतील एक थर सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातील होता, आणि सर्वांत वरचा जोर्वे संस्कृतीचा. हे जोर्वे म्हणजे आपल्याच संगमनेर तालुक्यातील गाव. तेथेही तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. अनेक अभ्यासकांनी या चार वस्तू सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र शंका घेतली. या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, त्या काळच्या इतर वस्तूंत तसे आढळत नाही, म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. वाद का उरला? कारण त्या वस्तू शास्त्रीय उत्खननात, थराच्या नोंदीसह मिळाल्या नाहीत. वस्तूचे वय नुसत्या वस्तूवरून नेहमी कळत नाही. ती कोणत्या मातीत, कशाशेजारी, किती खोल होती, हेही सांगावे लागते. माती साक्षीदार असते, आणि आपण घाईने वस्तू उपसली की तो साक्षीदार गप्प होतो.

म्हणूनच आजच्या पहिल्या वाचनातील शलमोन आपल्याला जवळचा वाटावा. काय हवे ते माग, असे देवाने म्हटल्यावर त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, संपत्ती मागितली नाही. बरेवाईट पारखणारे मन मागितले. आपण त्याच्या जागी असतो तर?

खरे सांगायचे तर आपल्याकडे जमिनीत काही वाजले की पहिला विचार येतो तो गुप्तधनाचा. मग पायाळू माणसाचा शोध, अमावस्येची रात्र, काळी कोंबडी, आणि एखाद्या मांत्रिकाच्या हाती दिलेले उसने पैसे. आपण दर रविवारी मिस्साला येणारी माणसेही यातून पूर्णपणे सुटलेली नाहीत, हे आपण जाणतो. गुप्तधनासाठी माणसांचे बळी देण्याचे प्रकार महाराष्ट्रात झालेले आहेत. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो काही उगाच नव्हे. ठेवीचा ध्यास लागलेल्या माणसाला शेजारचे लेकरू दिसेनासे होते. दाखल्यातील माणूस नेमका याच्या उलट वागतो. ठेवीसाठी तो स्वतःचे सर्वस्व देतो, दुसऱ्याचे काही घेत नाही.

आणि किलोने मोजण्याची सवय धातूपुरती राहत नाही. घरातील म्हातारे माणूस आता काही कमावत नाही, म्हणून त्याची खाट गोठ्याशेजारी जाते. लग्न ठरवताना मुलीच्या आधी सोन्याचे बोलणे होते. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचे नाव आपण विचारत नाही, फक्त कोयते किती ते विचारतो. आपल्या पणजोबा-पणजींपैकी कित्येकांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते. त्यांची किंमत इतरांनी ठरवून टाकलेली होती. शुभवर्तमान घेऊन आलेल्यांनी त्यांच्याकडे देवाची लेकरे म्हणून पाहिले, आणि आपल्या श्रद्धेची सुरुवात त्या पाहण्यात आहे. ज्यांना असे ओळखले गेले, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याला वजनकाट्यावर ठेवावे काय? दायमाबादची ठेवही एका भिल्ल शेतकऱ्याच्या हाताने उजेडात आली, हे विसरू नये.

थोडे व्यवहाराचेही बोलू, कारण आता खरिपाची मशागत आणि विहिरींची कामे चालू आहेत. जुना फाळ, गाडीची धाव, बैलाची घाट असे काही निघाले तर ते बहुधा आजोबांच्या काळचे असते; घरातील वडीलधाऱ्यांना दाखवले की उलगडा होतो. पण हिरवा कळंक चढलेली मूर्ती, कुऱ्हाड, नाणी, भांडे असे काही लागले तर कुदळ थांबवावी. चिंचेने घासू नये. सोने आहे का ते पाहण्यासाठी कानस लावू नये. जागेवर खूण करावी, किती हात खोल होते ते लिहून ठेवावे, जमल्यास फोटो काढावा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. लपवल्यास शिक्षा आहे, पण शोधणाऱ्याच्या हक्काचीही त्याच कायद्यात तरतूद आहे. ज्यांना अर्ज लिहिणे अवघड वाटते त्यांनी मिस्सानंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात यावे. आपण मिळून लिहू.