घोंगडीचा तुकडा

वरोऱ्याहून चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका शेतकऱ्याचं चार एकर वावर होतं. एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला नाला. नाल्यापलीकडे थोडं अंतर सोडून जंगल लागायचं, ते पुढे ताडोबाकडे जायचं. वावराला कुंपण नव्हतं. चारी बाजूंनी धुरा होता, तेवढाच.

वावरात एक कोठा होता आणि कोठ्यात अकरा बकऱ्या होत्या. बाप जिवंत होता तोवर तो कोठ्याशेजारी खाट टाकून झोपायचा. बाप गेला. मग मुलगा दिवेलागणीला कोठ्याचा तट्टा लावून, वरून तारेनं आवळून गावात निघून यायला लागला. त्या हिवाळ्यात दोन करडं गेली. एक कोल्ह्यानं नेलं. दुसरं कुणी नेलं ते कळलं नाही.

जाळीचं कुंपण घालायला त्याच्याकडे पैसा नव्हता. आसपास कुणी कुणी रात्री तारेत वीज सोडायचे. त्यात डुकरं मरत, कधी वाघ मरे, कधी वीज सोडणाराच मरे. तसलं काही त्याच्या मनात येत नव्हतं.

उन्हाळ्यात वावरं मोकळी झाली आणि कुरमार मेंढपाळांची मेंढरं आली. त्यानं लेंडीखतासाठी कळप आपल्या वावरात बसवला. बदल्यात ज्वारी ठरली. पहिल्या रात्री तो मुद्दाम थांबला. मेंढरं उघड्यावर बसली होती. भोवती तीन कुत्री होती. त्यांच्या गळ्यात ना साखळी, ना दोरी. रात्रभर ती उगाच भुंकली नाहीत आणि एकही कुठं गेलं नाही. नाल्याच्या अंगाला पानं वाजली की एखादं उठून उभं राहायचं. आवाज थांबला की पुन्हा बसायचं.

सकाळी त्यानं म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं, "आबाजी, मला दोन पिल्लं देता काय?"

कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. दोन महिन्यांची असतील. म्हातारा म्हणाला, "देतो. पण अजून दोन महिने मेंढरांत राहू दे."

"तोवर तुम्ही कुठं असाल, मी कुठं शोधू?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. दोन पिल्लं दिली. अंगावरच्या जुन्या घोंगडीचा एक तुकडा फाडला, दोन मेंढ्यांच्या पाठीवरून घासला आणि पिल्लांबरोबर दिला. "यांच्या अंगाखाली टाकजो," म्हणाला. आणखी काही बोलला नाही. कळप पुढे निघून गेला.

शेतकऱ्यानं पिल्लं घरी नेली. बायकोनं घोंगडीचा तुकडा नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि साबण लावून स्वच्छ धुऊन वाळत टाकला. पिल्लं ओसरीवर वाढली. पोरं त्यांना कडेवर घेऊन फिरायची. दूध-भाकरी उंबऱ्यावर मिळायची. मृग गेला, पेरण्या झाल्या, पिल्लं हातभर झाली. मग एक दिवस शेतकऱ्यानं त्यांना वावरात नेलं, कोठ्यापाशी सोडलं आणि संध्याकाळी "राखा आता" म्हणून घरी आला. तो ओसरीवर पाय धुतो न धुतो तोच दोघंही शेपट्या हलवत दारात हजर.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना दोरीनं बांधलं. त्यांनी दोरी चावली. साखळी आणली, तर रात्रभर केकाटून त्यांनी शेजारच्या वावरातल्या माणसालाही झोपू दिलं नाही. द्वाड ढोराच्या गळ्यात अडकवतात तसं लोढणं अडकवलं. ते फरफटत नेत दोघं गावाच्या वेशीपर्यंत आली. मग त्यानं काठी घेतली. घरी आली की मारायचा. ती मार खायची आणि दुसऱ्या रात्री पुन्हा यायची.

श्रावणातल्या एका रात्री एकच पिल्लू आलं. दुसरं सकाळी रस्त्यावर सापडलं. ट्रकखाली आलं होतं. पोरं जेवली नाहीत. बायको म्हणाली, "दुसऱ्यालाही असंच घालवाल. देऊन या ज्याचं त्याला."

शेतकरी उरलेलं पिल्लू घेऊन विचारत विचारत भद्रावतीकडच्या एका गावाबाहेर पोचला. पावसाळ्यासाठी कळप तिथं थांबला होता. म्हातारा दारात बसून लोकर पिंजत होता. शेतकऱ्यानं सगळं सांगितलं. दोरी, साखळी, लोढणं, काठी, ट्रक. शेवटी म्हणाला, "आबाजी, हे पळपुटंच निघालं. किती बांधलं तरी पळून जाऊन राहिलं."

म्हाताऱ्यानं हातातली लोकर खाली ठेवली. "पळून कुठं जाऊन राहिलं, बापू? घरी येऊन राहिलं. त्याचं घर गावात आहे."

शेतकरी गप्प झाला.

"घोंगडी कुठं आहे?"

"धुतली," तो म्हणाला.

म्हातारा हसला नाही. त्याला मेंढरांच्या वाड्यात घेऊन गेला. कोपऱ्यात दोन कोकरांच्या मधे एक पिल्लू झोपलं होतं. जाग आल्यावर ते एका मेंढीच्या तोंडाशी खेळायला गेलं. मेंढीनं ढुशी मारली, पिल्लू कोलमडलं, उठलं आणि मुकाट बाजूला जाऊन बसलं. म्हातारा म्हणाला, "याला मी काही शिकवत नाही. ती शिकवते."

"माझ्यावाल्याला उशीर झाला काय?"

"झाला थोडा. पण दोन वर्षांचं होईस्तोवर कुत्रं कच्चंच असते. तू वावरात कधी झोपतो?"

"मी? मी नाही झोपत."

"मग त्यानं का झोपावं?"

निघताना म्हाताऱ्यानं चार गोष्टी सांगितल्या. भाकर कोठ्यातच द्यायची, ठरल्या वेळी द्यायची, घरी कुणी तुकडाही टाकायचा नाही. पोरांनी लाड करायचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ दोरीनं धरून धुऱ्यानं फिरवायचं, रोज एकाच वाटेनं, एकही धुरा न ओलांडता. आणि कार्तिकाच्या आधी ढोरांच्या दवाखान्यात नेऊन खच्ची करून घ्यायचं, कारण कार्तिकात गावची कुत्री बोलावतात, तेव्हा बांधलेलं कुत्रंही थांबत नाही. शेतकऱ्यानं पिल्लू परत दिलं नाही. घोंगडीचा नवा तुकडा मात्र मागून घेतला.

पोळ्याच्या आदल्या रात्री तो बापाची जुनी खाट घेऊन वावरात गेला. कोठ्यात एका कोपऱ्याला बांबूचा आडोसा केला, तिथून पिल्लाला बकऱ्या दिसत, पण ते त्यांच्या अंगावर जाऊ शकत नव्हतं. घोंगडी बकऱ्यांच्या अंगाला घासून त्याच्याखाली अंथरली. पहिल्या तीन रात्री पिल्लू गावाकडे तोंड करून रडलं. चौथ्या रात्रीही रडलं, पण थोडं. शेतकऱ्यालाही झोप नव्हतीच. डास होते, चिखल होता, आणि बापाची खाट मधे खचली होती.

सकाळी तो दोरी धरून धुऱ्यानं निघायचा. पिल्लू हुंगायचं, जागोजाग पाय वर करायचं, आणि त्याला थांबावं लागायचं. थांबला की त्याला वावर दिसायचं. उत्तरेच्या धुऱ्याला पाण्यानं खालून खाल्लं होतं, ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. नाल्याच्या कोपऱ्यात डुकरांची वाट पडली होती. एके ठिकाणी शेजाऱ्यानं नांगरताना धुरा हातभर कोरला होता. कुंपण असतं तर हे कधी कळलं नसतं, असं मला वाटतं. कुंपण घातलं की माणूस तिकडे पाहत नाही. त्यानं दगड लावून पाण्याचं तोंड बंद केलं. शेजाऱ्याशी भांडला नाही. दोघांनी मिळून धुऱ्यावर खुणेचा दगड पुरला.

दिवाळीच्या सुमाराला घोळ झाला. आता आडोसा काढला होता. कुत्र्यानं खेळता खेळता एका करडाचा कान फाडला. बायको संतापली. शेतकरी काठी उचलायला गेला आणि थांबला. त्यानं करडं वेगळी केली आणि कुत्र्याला शिंगाळ्या म्हाताऱ्या बकरीजवळ ठेवलं. तिला खेळ सोसत नव्हता. दोन आठवड्यांत तिनं त्याला दोनदा लोळवलं. त्यानंतर त्यानं पुन्हा कुणाचा कान धरला नाही. कार्तिकात गावची कुत्री रस्त्यानं टोळीनं फिरली. हे कुत्रं धुऱ्यापर्यंत गेलं, उभं राहिलं, परत आलं.

थंडीत दोन बकऱ्या व्यायल्या. कुत्रं जवळ बसून होतं. ओली करडं त्यानं चाटली आणि म्हाताऱ्या बकरीनं ते चालवून घेतलं.

पौषातली एक संध्याकाळ. बायको भाकर घेऊन वावरात आली होती. अंधार पडायच्या आत ती गावाकडे निघाली. कुत्रं तिच्या मागं मागं चाललं. शेतकरी खाटेवरून पाहत होता. त्यानं हाक मारली नाही. शीळ घातली नाही. दोरी खुंटीला होती. बायको धुऱ्यावर चढली, उतरली, रस्त्याला लागली. कुत्रं धुऱ्यावर थांबलं. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच बसलं. मग उठलं, वळलं आणि कोठ्यात येऊन बकऱ्यांच्या मधे पडलं.

त्याच महिन्यात एका रात्री ते नाल्याच्या धुऱ्यावर उभं राहून बराच वेळ भुंकलं, पण खाली उतरलं नाही. सकाळी नाल्याच्या रेतीत बिबट्याचे पंजे होते, येतानाचे आणि जातानाचे. बकऱ्या अकरा आणि करडं चार, मोजून भरली.

म्हाताऱ्याची ही रीत दूरवरही चालते. आफ्रिकेत नामिबिया म्हणून देश आहे. बकऱ्यांपायी शेतकऱ्यांनी चित्ते मारू नयेत म्हणून चित्त्यांसाठी काम करणाऱ्या लोकांनी १९९४ पासून त्या शेतकऱ्यांना राखणीच्या कुत्र्यांची पिल्लं द्यायला सुरुवात केली. कुत्री तुर्कस्तानातल्या जातीची, माणसं वेगळ्या बोलीची, पण पद्धत तीच. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असतानाच बकऱ्यांत सोडायचं. जाणकार सांगतात की तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौथ्या महिन्यापर्यंत पिल्लू ज्यांच्यात वाढतं, त्यांना ते जन्मभर आपलं मानतं. आपल्या शेतकऱ्याचे ते दिवस ओसरीवर गेले होते. ते त्याला वावरात, खचलेल्या खाटेवर झोपून भरून काढावे लागले. ज्याला थांबवायचं होतं, त्याच्याआधी त्याला स्वतःला थांबावं लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात मेंढरं आली. म्हातारा सकाळी शेतकऱ्याबरोबर धुऱ्यानं एक फेरी फिरला. कुत्रं पुढे होतं, दोरी कुणाच्याच हातात नव्हती. म्हातारा काही बोलला नाही. कळप हलायच्या दिवशी त्यानं एक नवं पिल्लू शेतकऱ्याच्या बायकोच्या हातात दिलं, आणि त्याबरोबर घोंगडीचा तुकडा.

तिनं तो नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, आणि तसाच नेऊन कोठ्यात अंथरला.