न जुळलेल्या ओळी

दोन फाइली जोडायच्या होत्या. एकीत २०११च्या जनगणनेतली तालुकावार स्त्री-साक्षरता, दुसरीत अंगणवाड्यांतून अलीकडे आलेले कमी वजनाच्या मुलांचे आकडे. मी पायथॉनमध्ये पांडाज ही तक्ते हाताळायची लायब्ररी घेऊन बसलो. नावं बदललेले जिल्हे आधीच सारखे करून घेतले: औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. मग जिल्हा आणि तालुका या दोन रकान्यांवर ‘मर्ज’ केलं. एकही एरर आला नाही. जोडण्याआधी ओळी किती होत्या आणि नंतर किती उरल्या, एवढंसुद्धा मी मोजलं नाही.

सर्वांत बिकट पंचवीस तालुक्यांची यादी छापून ताईंसमोर ठेवली. ताई अंगणवाड्यांच्या निवृत्त मुख्यसेविका. उमेदीची सगळी वर्षं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर गेलेली. चष्मा लावून त्यांनी यादीवरून बोट फिरवलं, परत वर आणलं.

“बाळा, मोखाडा कुठंय?”

“यादीत नाही म्हणजे सुधारला असेल, ताई.”

हे वाक्य मला अजून टोचतं.

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्याकडे दोन रजिस्टरं. नर्सबाईंचं लसीकरणाचं, सेविकेचं वजनाचं. दोन्ही शेजारी ठेवून नावं ताडायची. जुळलं त्यावर टिक. जुळलं नाही त्यांची चिठ्ठी करून पदराला बांधायची, आणि सकाळी पहिलं त्यांच्याच घरी जायचं. दिवाळीनंतर कितीतरी दारांना कडी. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर. पोर तिकडे, त्याचं वजन कोण करणार? जुळलेली पोरं डोळ्यांसमोरच असतात रे.”

मी परत कॉम्प्युटरपाशी बसलो. वेगळं काही सांगितलं नाही, तर ‘मर्ज’ दोन्हीकडे सापडलेल्या ओळी तेवढ्या ठेवतं. बाकीच्या मुकाट्याने टाकून देतं. आता ‘आउटर’ लिहिलं, सोबत ‘इंडिकेटर’ लावला. त्यामुळे प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या फाइलीत सापडली ते लिहून येतं. एकाच फाइलीत असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या.

वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड. आठही दोन-दोनदा, एकदा ठाणे जिल्ह्यात, एकदा पालघरमध्ये. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला, जनगणना त्याआधीची. बदललेली नावं मी जुळवली होती, दुभंगलेला जिल्हा विसरलो होतो.

आठ नावं कागदावर हाताने लिहून मी ताईंकडे नेली. त्यांनी ती एकेक करून वाचली, कागदाची बारीक घडी घातली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.