ऊन सर्वांचे, छप्पर कोणाचे?

विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीची बॅटरी उन्हावर भरता येईल काय? बंगळूरपुरता हिशेब सोपा आहे. अशा खुर्चीत पुष्कळदा १२ व्होल्टच्या, ३५ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांत साठणारी वीज १ युनिटहूनही कमी. निरभ्र दिवशी ३०० वॅटचे सौर पॅनेल तेवढी देऊ शकते. पावसाळ्यात मात्र नेहमीच्या विजेची जोड हवीच.

खरी अडचण निराळी आहे. एवढे पॅनेल खुर्चीवरच बसवावे, तर ती दारातून आत जाणार नाही. घराच्या छपरावर बसवावे, तर ऊन असते तेव्हा खुर्ची बाहेर असते आणि ती परतते तेव्हा ऊन मावळलेले असते. साठवणीची आणखी एक बॅटरी घ्यावी, तर खर्च वाढतो. म्हणून दिवसा खुर्ची जेथे असते, त्या कचेरीच्या, शाळेच्या, उपासनामंदिराच्या छपरावर पॅनेल असावे आणि खाली खुर्चीजवळ एक प्लग असावा, हेच सोयीचे.

पण हे छप्पर दुसऱ्याचे! मग यात स्वावलंबन ते कोठे राहिले, असे कोणी विचारील. वाचकहो, पायांनी चालणारा तरी इतरांनी बांधलेल्या रस्त्यावरूनच चालतो ना? त्याला कोणी परावलंबी म्हणत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव मानला आहे. तेव्हा तो प्लग म्हणजे आपले दान नव्हे. ते आपले देणे आहे.